आत वीस, बाहेर एक

आधीच सांगून टाकते. ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच नाही.

भर दुपार होती. गेल्या वर्षीचा मे महिना. परभणीत ऊन असं, की कावळासुद्धा नळाखालून हलत नव्हता.

आणि जे घडलं ते माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडलं. बबिता तिचं नाव. रोज संध्याकाळी घरी आली की गवारीच्या शेंगा मोडता मोडता मला सगळं सांगायची. पहिले दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवसापासून शेंगा सुपात तशाच राहायला लागल्या.

पटो न पटो, मी त्या वहीतली शेवटची ओळ माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. म्हणून लिहिते.

परभणीहून पेडगावच्या रस्त्याला लागलं की पुढे एक फाटा फुटतो. फाट्यापासून आत तीन किलोमीटर. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून शाळा भरते, लेकरं बसतात.

काम साधंच होतं. शाळेच्या जुन्या वर्गयाद्या कॉम्प्युटरात चढवायच्या. आजकाल कुणाला ना कुणाला पणजोबाची शाळेतली नोंद हवीच असते. कागद तर हात लावला की पापडासारखे मोडतात. ठेकेदारानं बबिताला एक लॅपटॉप दिला, एक टेबल-खुर्ची दिली आणि सुट्टीत बंद असलेला जुना वर्ग उघडून दिला.

आमच्या सासूबाई, मालनबाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या. त्या गल्लीभर सांगत सुटल्या, "माझी सून खुर्चीवर बसून काम करती. आन खुर्ची बी सरकारी शाळंतली."

अडचण एकच होती. जुनी रजिस्टरं उर्दूत. तेव्हा इकडे निजामाचं राज्य. बबिताला उर्दूतला अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता.

म्हणून वाचायला अनंतराव.

वय अठ्ठ्याऐंशी. त्याच गावचे, त्याच शाळेत शिकलेले. पुढे तहसिलात कारकून होते. कान निम्मे गेले, गुडघे गेले, उर्दू काही गेली नाही. त्यांची सून उत्तरा रोज अकराला त्यांना स्कूटीवर आणून सोडायची आणि चारला घेऊन जायची.

ते वाचणार, ही टाइप करणार.

पान संपलं की एक बटण दाबायचं. मग पडद्यावर आकडा उमटायचा, इतक्या ओळी बसल्या. म्हणजे तुम्ही दिलेल्या नावांपैकी कॉम्प्युटरनं किती पोटात घेतली ते.

तो आकडा वहीत लिहायचा. पान कितवं, दिल्या किती, बसल्या किती. पुढे सही.

हा नियम श्रीनिधीचा. श्रीनिधी म्हणजे ठेकेदाराचा इंजिनिअर, सत्तावीस वर्षांचं पोरगं, बोलायला गोड. हा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "मॅडम, मागं एका गावात एक बोगस नाव घुसलं. ऑपरेटर बाई सहा महिने चौकीच्या पायऱ्या चढत होत्या. दिल्या आणि बसल्या, दोन्ही आकडे सारखे पाहिजेत. एकाचाही फरक चालणार नाही."

बबिता म्हणाली, "सारखेच असतील की. मी काय कुणाला खिशातून काढून घालणार हाय का?"

चार दिवस सारखेच होते.

पाचव्या दिवशी दुपारी अनंतरावांनी फसली १३५४ सालचं रजिस्टर उघडलं. म्हणजे आपलं १९४४-४५. पान पहिलीच्या वर्गाचं.

"हा माझा वर्ग, बाई," ते म्हणाले. "सातवं नाव माझं हाय."

बबिता हसली. "मग नीट वाचा. न्हाईतर स्वतःलाच गाळताल."

ते हसले नाहीत.

वीस नावं वाचली. वीस टाइप झाली. तिनं बटण दाबलं.

दिल्या वीस.

बसल्या...

एकवीस.

तिला वाटलं, आपलंच बोट चुकलं. यादी उघडून वरपासून खालपर्यंत मोजली. वीसच नावं. खालून वर मोजली. वीसच.

सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा बटण दाबलं.

एकवीस.

"आजोबा, वीसच वाचली ना तुमी?"

"वीसच. का गं?"

"काही न्हाई."

तिनं श्रीनिधीला फोन लावला. त्यानं तिकडून, परभणीत बसूनच, तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. यादीत वीस. मोजणीत एकवीस.

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलायलेय का?"

"तसं नाही म्हणालो मी."

"म्हणाला न्हाईत. पण बोललात."

तो जरा वरमला. म्हणाला, "कधीकधी एक ओळ घातली की मागच्या मागं दुसरीकडे एक ओळ आपोआप पडते. तशी सोय करून ठेवता येते. मग आकडा वाढतो. पण इथं मी तशी सोय केलेलीच नाही."

"मग कुणी केली?"

तिकडून नुसती बटणं दाबल्याचा आवाज आला.

"ते पान बाजूला ठेवा," शेवटी तो म्हणाला. "आणि मॅडम, तुमच्याशिवाय लॅपटॉपला कोणी हात लावत नाही ना?"

प्रश्न साधाच होता. पण त्या दिवशी घरी आल्यावर बबितानं भाकरीचं पीठ इतकं मळलं, इतकं मळलं, की मीच परात ओढून घेतली.

"ताई, त्याला वाटायलंय मी नाव घुसवलं."

"वाटू दे. तू घुसवलंस का?"

"न्हाई."

"मग झोप."

ती काही झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाचं पुढचं साल आलं. फसली १३५५, दुसरी.

दिल्या वीस. बसल्या एकवीस.

मधल्या दुसऱ्या वर्गांची पानं मात्र तंतोतंत. तेवीसला तेवीस, सतराला सतरा.

चुकत होता तो एकच वर्ग.

अनंतरावांचा.

आता बबिता काही शिकली-सवरलेली गुप्तहेर नव्हे. पण अकरा वर्षं एकत्र कुटुंबात काढलेली बाई आहे. कुणी काही लपवतंय, हे तिला भांड्याच्या आवाजावरून कळतं.

ती म्हाताऱ्याकडे नीट बघायला लागली.

एक. ते नेहमी दाराकडे पाठ करून बसायचे. उजेड पुढून यायला हवा, तो मागून घ्यायचे.

दोन. आल्या आल्या म्हणायचे, "दार लोट बाई, झळ येती." दार लोटलं की आत भट्टी व्हायची. तरी उघडू द्यायचे नाहीत.

आणि तीन. त्यांच्या वर्गाचं पान आलं, की त्यांचा डावा अंगठा पानाच्या तळाशी जाऊन बसायचा.

बाकीच्या पानांवर नाही.

फक्त त्यांच्या वर्गाच्या.

त्याच दुपारी तिला पहिल्यांदा तो आवाज आला.

वीस नावं संपली होती. अनंतरावांनी रजिस्टर मिटलं. हिनं टाइप करणं थांबवलं. पंखा बंदच, वीज सकाळपासून गेलेली.

सगळं शांत.

आणि दाराबाहेर...

खर्र... खर्र... खर्र...

दगडी पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखं.

कुणीतरी अजून लिहीत होतं. आतल्यांचं झालं होतं, बाहेरच्याचं राहिलं होतं.

"आजोबा, ऐकू आलं?"

"मला कुठं ऐकू येतंय बाई," ते म्हणाले. पण बोलताना त्यांनी मान खांद्यात ओढून घेतली होती.

तिनं उठून दार उघडलं.

व्हरांडा रिकामा. मैदान रिकामं. ऊन नुसतं नाचत होतं.

व्हरांड्याला सावली होती. सावलीत गावातलं एक कुत्रं जीभ काढून पडलेलं. पण ते पार भिंतीला खेटून, अंग चोरून पडलं होतं. पायरीजवळची एवढी मोठी सावली मोकळी सोडून.

कुणाला तरी जागा दिल्यासारखी.

बबिता चप्पल न घालताच बाहेर आली होती. फरशी सावलीतही अशी तापलेली, की तळवे भाजले. ती उड्या मारतच पायरीपर्यंत गेली. आणि तिथं तिचा पाय टेकला...

गार.

पायरीवरची हातभर जागा. गारेगार. एखादं सात-आठ वर्षांचं लेकरू बसेल, एवढीच. बोटभर इकडे सरकलं की पुन्हा तवा.

ती आत आली. दार तिनं स्वतःच लोटलं.

मला हे सांगताना ती हसत होती. पण हसू ओठापर्यंतच. "ताई, उन्हामुळं होतं का वो असं?"

मी म्हटलं, "ऊन डोक्याला लागतं. पायरीला न्हाई."

तिसरं पान. फसली १३५६, तिसरीचा वर्ग. दिल्या वीस, बसल्या एकवीस. आता श्रीनिधीचा आवाज गोड राहिला नव्हता. "मॅडम, तीन पानं झाली. सोमवारी मी स्वतः येतो. तोपर्यंत हिशोब लागला नाही, तर मला वर कळवावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

वर कळवणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. चौकीच्या पायऱ्या. आणि गल्लीभर झालेलं सासूबाईंचं कौतुक परत गिळणं.

शनिवारी अनंतराव लघवीला म्हणून बाहेर गेले, मागच्या दारानं. पुढच्या दारानं ते कधीच जात नसत.

तिनं पटकन रजिस्टर ओढलं. पानाचा तळ पाहिला.

विसाव्या नावाखाली आडवी रेघ. रेघेखाली चार शब्द. बारीक, वेगळ्या शाईत.

तिनं फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. नागसेन, माझा दीर, पूर्णेला रेल्वेत आहे. त्याच्या ऑफिसातले एक रिटायर चाचा उर्दू जाणतात. पंधरा मिनिटांत चाचांचा आवाजच आला मोबाइलवर. तिनं कानाला लावला.

"बेटी, इसमें नाम-वाम कुछ नहीं है. सिर्फ इतना लिखा है..."

मध्ये पूर्णेची गाडी गेली. आवाज बुडाला. मग पुन्हा वर आला.

"अंदर बीस. बाहर एक."

अनंतराव काठी टेकत परत आले, खुर्चीत बसले आणि चष्मा पुसायला लागले.

बबितानं काही विचारलं नाही. कसं विचारावं, हे तिला सुचतच नव्हतं. म्हातारा उन्हातून आलेला, ओठ सुकलेले. तिनं आपली बाटली पुढं केली.

"पाणी?"

त्यांच्या हातातला चष्मा खाली पडला.

"पाण्याचं तुला कुणी सांगितलं?"

बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

"कुणी न्हाई, आजोबा. पेता का म्हणून विचारायलेय."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग बाटलीकडे. आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मान वळवून त्यांनी दाराकडे पाहिलं.

"एक पोरगं हुतं," ते म्हणाले. "पायरीवर बसायचं. मास्तर भला माणूस, त्यानं हाकललं न्हाई. आत बी घेतलं न्हाई. वहीत नाव लावलं तर गाव बोलंल म्हणून... खाली नुसता आकडा लिहायचा."

"कुणाचं पोरगं?" बबितानं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. तिचा आजा असाच कुठल्यातरी शाळेच्या पायरीवर बसून बाराखडी शिकला होता.

"तुमच्याच लोकातलं," ते खाली बघत म्हणाले.

"आन पाणी?"

"मी मॉनिटर हुतो. दुपारी त्याला पाणी घालायचं काम माझं. वरून धार धरायची, तो ओंजळ लावायचा." त्यांनी हातानं धार धरून दाखवली. "एक दिवस उन्हाची लू सुटली हुती. मास्तर जेवायला गेल्ते. दार लावलेलं हुतं. तो वाजवायलता. पाणी दे म्हणायलता. आमी आत हसायलतो. लेकरंच की वो आमी... मग वाजवायचं थांबला. आमाला वाटलं, गेला घरी."

बाहेर कुत्रं एकदा कुंईं करून गप्प झालं.

"दार कुणी लावलं हुतं, आजोबा?"

त्यांनी वाकून चष्मा उचलला. डोळ्यांवर चढवला.

"पुढचं पान घे."

पुढचं पान तिनं घेतलं नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "त्याचं नाव सांगा. एकविसावी ओळ लावते. आकडा जुळंल."

त्यांनी पानाच्या तळावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "सिताराम."

तिनं लिहिलं. सिताराम. बटण दाबलं.

दिल्या एकवीस.

बसल्या...

बावीस.

"हे नाव खरं न्हाई," बबिता म्हणाली.

म्हातारा रडायला लागला. म्हाताऱ्या माणसांचं रडणं वाईट असतं, आवाजच येत नाही. "मला ठावंच न्हाई गं. तीन वर्षं बसला तो. तीन वर्षांत कुणी विचारलंच न्हाई."

मी तिला म्हटलं, कीव आली असेल तुला. ती म्हणाली, आली. पण दाराचा संशय गेला न्हाई.

रविवारी सुट्टी होती. तरी ती गेली. शाळेत नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला. विहारामागे आपली वस्ती. तिथं सगळ्यात म्हातारी बाई कोण म्हणून विचारलं. चतुराबाईचं घर दाखवलं कुणीतरी.

चतुराबाई ओट्यावर चिंचोके फोडत बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, हात मात्र खडखडीत.

"जय भीम, आज्जी."

"जय भीम. कुणाची गं तू? मतं मागायला आलीस का?"

"न्हाई. शाळंच्या पायरीवर एक पोरगं बसायचं. निजामाच्या राज्यात. त्याचं नाव पायजे हुतं."

चतुराबाईचा दगड हवेतच थांबला.

"अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली," ती म्हणाली. "आता इचारायला आलीस व्हय?"

मग उठली. आत गेली. रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली काळी चपटी वस्तू उचलून बाहेर आणली.

दगडी पाटी होती. एक कोपरा उडालेला.

"माझा थोरला भाऊ. मी पाच-सहा वर्साची आसंन. आयनं त्याला पायरीवरनं उचलून आणला, तवा ही त्याच्या छातीवर हुती. आय मरंस्तवर म्हणायची, लेकराला पाणी मिळालं न्हाई, म्हणून ही पाण्यावर ठिवा." तिनं पाटी पदरानं पुसली. "लिंबाजी. लिंबाजी केरबा. त्याला नाव हुतं गं. लय चांगलं नाव हुतं. नुसतं कुणी पुकारलं न्हाई."

बबिता पाटी बघत होती. पाटी पाण्यावर राहून राहून गार पडली होती.

पायरीवरची ती हातभर जागा जेवढी गार होती... तेवढीच.

सोमवार उजाडला.

श्रीनिधी बाराला येणार होता. बबिता दहालाच पोचली. आज अनंतराव तिच्याही आधी आलेले. उत्तरा स्कूटी उभी करून गोंधळल्यासारखी उभी होती.

"बघा ना बबिताताई, आज आतच जाईनात. म्हणायलेत, इथंच बरंय."

म्हातारा पायरीवर बसला होता.

त्याच पायरीवर. उन्हात. सावलीची जागा मोकळी सोडून.

"आजोबा, आत चला."

"दार लावू नको बाई," ते म्हणाले. एवढंच.

ती आत जाऊन बसली. दार उघडंच ठेवलं. फसली १३५६चं पान काढलं. सितारामची ओळ पुसली. तिथं एक एक अक्षर जपून लिहिलं, लिंबाजी केरबा.

मग, का कुणास ठाऊक, तिनं सगळी नावं मोठ्यानं वाचली. हजेरी घेतात तशी. एक, दोन, तीन... सातवं अनंत... एकोणीस, वीस.

"लिंबाजी केरबा."

वारा नव्हता. तरी टेबलावरचं रजिस्टर आपोआप एक पान उलटलं.

खर्र... आवाज आला. एकदाच. आणि यावेळी तो दाराबाहेरून आला नाही.

आतून आला. तिच्या पाठीमागून. वर्गातून.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला तिनं शपथेवर सांगितलं, ताई, मी वळलेच न्हाई, मी नुसतं बटण दाबलं.

दिल्या एकवीस.

बसल्या...

वीस.

तिनं यादी उघडली. एकवीस नावं. लिंबाजी होता. सगळे होते. एकही गळलं नव्हतं.

पण मोजणीत एक कमी.

पुसलं. पुन्हा दाबलं. वीस. पुन्हा. वीस.

मग तिला सुचलं. तिनं एकेक नाव वेगळं घालून पाहायला सुरुवात केली. पहिलं नाव. बसली एक. दुसरं. बसली एक. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. एक, एक, एक, एक.

सातवं नाव घातलं.

बसली...

शून्य.

तिनं दाराकडे पाहिलं. अनंतराव तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते. दोन्ही हातांची ओंजळ मांडीवर ठेवून.

बाराला श्रीनिधी आला. घामाघूम, हातात स्वतःचा लॅपटॉप. तिनं काही सांगितलं नाही. नुसती खुर्ची रिकामी करून दिली. त्यानं बटण दाबलं. एकदा. दोनदा. स्वतःच्या लॅपटॉपवर जोडून पाहिलं. सातव्या नावाशी आला, थांबला, परत मागं गेला, परत आला.

"मॅडम, हे सातवे कोण?"

तिनं दाराकडे बोट केलं.

त्यानं पायरीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग रजिस्टरच्या तळाशी असलेल्या रेघेकडे. बबितानं त्याला त्या चार शब्दांचा अर्थ सांगितला.

त्यानं लॅपटॉप मिटला. इतका हळू मिटला, की जणू आत कुणी झोपलंय.

"वहीत काय लिहू?" तिनं विचारलं.

"जे दिसलं ते."

तिनं लिहिलं. मग सही केली. श्रीनिधीनं तिच्या सहीखाली आपली सही केली. बाहेर पडताना तो पायरी टाळून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकानं उतरला. तेव्हापासून आजतागायत त्यानं तिला "मशीन खोटं बोलत नाही" हे वाक्य ऐकवलेलं नाही.

नोकरी राहिली. बोगस-बिगस कुणी म्हटलं नाही. सासूबाईंची गल्लीतली इभ्रत शाबूत आहे. आता बबिता पालमकडच्या गावांत जाते, लाल डब्यानं. पहिल्या दिवशी पहिल्या पानाचा तळ बघते आणि मगच खुर्चीत बसते.

वही जमा करायच्या आदल्या दिवशी तिनं ती घरी आणली होती. मी शेवटची ओळ वाचली. तिच्या ठसठशीत अक्षरात...

दिल्या २१. बसल्या २०. बाहेर १.

मी विचारलं, "अगं, पण दार कुणी लावलं हुतं? सांगितलं का त्यांनी?"

"मी परत विचारलंच न्हाई, ताई. ज्यानं विचारायचं, त्यानं विचारलं आसंल."

अनंतराव अजून आहेत. पावसाळ्यात उत्तराचा फोन आला होता. रडवेली झाली होती बिचारी.

म्हणाली, बाबा आता घरातसुद्धा येत नाहीत. उंबऱ्याबाहेरच बसतात. पाऊस असो, ऊन असो. ताट बाहेर द्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात वयामुळं होतं, होत असेल.

"पण बबिताताई, एक कळंना. पेल्यानं पाणी दिलं तर घेत न्हाईत. ओंजळ पुढं करतात. म्हणतात... वरून घाल."

मी फोन स्पीकरवर ऐकत होते. माझ्या हातात तांब्या होता. तो मी खाली ठेवला.

घरात तेव्हा आम्ही पाच माणसं होतो. मी मोजली. मग पुन्हा मोजली. आताही संध्याकाळी कडी लावण्याआधी मी एकदा दार उघडून पायरीकडे बघते.

कुणी नसतं.

तरी हात टेकवून बघते... गार लागते का ते.